तुरुंगात शिकवायला, सोबत करायला जायचंय? पहिल्या वर्षाची वाट

पहिल्या दिवशी मी फाटकावरूनच परत आले. परवानगीचं पत्र हातात होतं, वह्या-पेन्सिली पिशवीत होत्या, पण त्या दिवसाच्या यादीत माझं नाव चढलेलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने शांतपणे सांगितलं, "यादीत नाव नाही, तर आत जाता येणार नाही." दोन आठवड्यांनी आत गेले तेव्हा कळलं, की त्या दिवशी अकराजण वर्गाच्या खोलीत तासभर बसून होते. त्यांना कुणी काहीच कळवलं नव्हतं. त्यातला एकजण म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं तुमचा विचार बदलला."

पुढच्या नऊ वर्षांत मी जे शिकले, त्यातलं बरंचसं या एका वाक्याभोवती आहे. आतल्या माणसाला 'येतो' म्हणून न आलेल्यांची सवय असते: वकील, नातेवाईक, मित्र, कधीकधी बायको-मुलंसुद्धा. तुम्ही काय शिकवता हे तो नंतर बघतो. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी तुम्ही आलात का, हे तो आधी बघतो. खालच्या बहुतेक पायऱ्या तुम्हाला तिथे वेळेवर आणि वर्षभर पोचता यावं म्हणूनच लिहिल्या आहेत. नियम प्रत्येक देशाचे, अगदी प्रत्येक तुरुंगाचे वेगळे असतात. नवख्याच्या अडचणी मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच.

घरातले, शेजारचे विचारतीलच, "याचा काही उपयोग होतो का?" उत्तर तयार ठेवा. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०१३ साली तुरुंगातल्या शिक्षणावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. शिक्षणात भाग घेतलेल्या कैद्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के-अंकांनी, म्हणजे शंभरामागे तेराने, कमी दिसलं. बातम्यांमध्ये '४३ टक्के' हा आकडा फिरतो. तो त्याच अभ्यासातला आहे, पण ती संभाव्यतेची वेगळ्या पद्धतीने केलेली तुलना आहे, तेव्हा तो जपून वापरा. जे शिकायला येतात ते मुळातच बदलायला तयार असतात, असा आक्षेपही घेतला जातो आणि तो रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्या तयारीला धरायला काहीतरी हाताशी हवं.

## १. घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

मला का जायचं आहे? उत्तर 'त्यांना सुधारायला' असं आलं तर थोडं थांबा. हे आतल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि तो तुम्हाला ऐकायला आवडेल तेच बोलू लागतो.

वर्षभर, दर आठवड्याला अर्धा दिवस देता येईल का? दीड तासाच्या वर्गाला प्रवास, फाटकावरची वाट, झडती, आतली हजेरी धरून चार तास सहज जातात. दर आठवड्याला जमणार नसेल तर पंधरवड्याचं कबूल करा आणि ते पाळा. आठवड्याचं कबूल करून निम्म्या वेळा न जाणं सगळ्यात वाईट.

तिसरा प्रश्न अवघड आहे. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या जवळचं कुणी गुन्ह्याने होरपळलेलं आहे का? असलं तरी हे काम करता येतं. अशी काही माणसं फार समंजसपणे हे काम करताना मी पाहिली आहेत. पण निवड करणाऱ्या संस्थेला ते आधीच सांगा, आणि कोणत्या गुन्ह्यातल्या माणसासमोर बसणं आपल्याला जमणार नाही, हेही. त्यात कमीपणा नाही.

## २. काम कोणतं, ते ठरवा

'तुरुंगात काहीतरी करायचंय' एवढ्यावर कुणी दार उघडत नाही. काम नेमकं सांगावं लागतं.

साक्षरतेचा वर्ग. सगळ्यात जास्त गरज इथे असते. ब्रिटनमध्ये शॅनन ट्रस्ट ही संस्था वेगळ्या वाटेने गेली. तिथे वाचता येणारा कैदी वाचता न येणाऱ्या कैद्याला एकास एक शिकवतो, रोज साधारण २० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. बाहेरचे स्वयंसेवक त्या शिकवणाऱ्यांना तयार करतात आणि पाठीशी उभे राहतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. आपण आठवड्यातून एकदा जाणार, आतला शिकवणारा मात्र रोज तिथेच असतो.

परीक्षेची तयारी. शाळा अर्धवट सुटलेल्यांना मुक्त शाळा किंवा मुक्त विद्यापीठातून परीक्षेला बसवणं. यात शिकवण्याइतकंच काम फॉर्म, फी आणि तारखा सांभाळण्याचं असतं.

वाचनालय आणि वाचनगट. पुस्तकांवर बोलणं वरवर हलकं वाटतं, पण माणूस स्वतःबद्दल जे थेट बोलत नाही ते पात्राबद्दल बोलताना सांगून जातो. ब्राझीलमध्ये तर पुस्तक वाचून त्यावर लेखी टिपण दिलं की शिक्षेतले ४ दिवस कमी होतात. वर्षाला १२ पुस्तकं, म्हणजे ४८ दिवस.

एकास एक सोबत. याला मेंटॉर म्हणतात, मला 'सोबती' हा शब्द जवळचा वाटतो. एकच माणूस, ठरावीक भेटी, सुटकेच्या आधीपासून सुटकेनंतरच्या काही महिन्यांपर्यंत. नवख्याने पहिल्याच वर्षी हे घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आधी वर्ग घ्या, आतलं जग ओळखीचं होऊ द्या.

हे काम नवं नाही. बॉस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्या माणसाने दारूच्या आरोपातल्या एकाला न्यायालयातून स्वतःच्या हमीवर सोडवलं आणि त्याची जबाबदारी घेतली. मग पुढची अठरा वर्षं, मरेपर्यंत, तो शेकडो माणसांसाठी हेच करत राहिला. आज अनेक देशांत सरकारी असलेली परिवीक्षेची (प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहू देण्याची) व्यवस्था या बिनपगारी कामातून पुढे आली.

## ३. एकट्याने अर्ज करू नका

स्वतःच्या नावाने थेट अधीक्षकांना पत्र लिहिलं तर ते फायलीत पडून राहण्याची शक्यता जास्त. तुरुंगात आधीपासून काम करणारी संस्था, विद्यापीठाचा समाजकार्य विभाग, मुक्त शाळेचं अभ्यासकेंद्र किंवा विधी सेवा (मोफत कायदेशीर मदत) देणारं मंडळ, यांच्यामार्फत जा. त्यांना परवानगी असते, विश्वास असतो, आणि काही बिनसलं तर तुमच्या पाठीशी कुणीतरी असतं.

संस्था निवडताना विचारा: प्रशिक्षण किती तासांचं आहे? माझ्यावर देखरेख कोण करणार? अडचण आली तर त्याच दिवशी फोन कुणाला करायचा? मी जाऊ शकले नाही तर आत निरोप कोण देणार? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर न देणाऱ्या संस्थेत मी आता जात नाही.

धर्मप्रसाराचं छुपं काम करणाऱ्यांपासून सावध राहा. कैदी उठून जाऊ शकत नाही, 'नको' म्हणायला घाबरतो. अशा माणसाला श्रद्धा बदलायला लावणं अन्यायाचं आहे.

तुमच्या प्रस्तावाला आधार लागला तर तो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांना द्यायच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम स्वीकारले. त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात आणि ते १२२ आहेत. त्यातला ७८ वा नियम समाजकार्यकर्ते आणि शिक्षक कायमस्वरूपी नेमावेत असं सांगतो, मात्र अर्धवेळ किंवा स्वयंसेवी काम करणाऱ्यांना त्यात वगळू नये असंही म्हणतो. १०४ वा नियम शिक्षणाचा आहे. निरक्षर आणि तरुण कैद्यांचं शिक्षण सक्तीचं असावं, आणि शक्य तितकं ते देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडलेलं असावं, म्हणजे सुटल्यावर पुढे चालू ठेवता येईल. प्रस्तावात हे दोन आकडे लिहिले की वाचणाऱ्याला कळतं, तुम्ही अभ्यास करून आला आहात.

## ४. कागदपत्रं

जागेप्रमाणे यादी कमी-जास्त होते, पण हे सगळं एका फाइलमध्ये आधीच तयार ठेवा:

- छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र, मूळ आणि चार-पाच प्रती
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे फोटो, हवेत त्याच्या दुप्पट
- पोलिस पडताळणीचा दाखला किंवा त्यासाठी भरलेला अर्ज
- शिक्षणाची प्रमाणपत्रं, विषय शिकवायचा असेल तर त्याची
- दोन माणसांची शिफारसपत्रं, नात्यातल्यांची नकोत
- संस्थेचं पत्र: काम काय, कोणत्या दिवशी, किती ते किती, किती महिने
- एका पानाचा कामाचा आराखडा
- आत न्यायच्या साहित्याची यादी, प्रत्येक वस्तू आणि संख्या लिहून

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते तपासा. एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, एवढ्यावरून माझी पडताळणी दीड महिना लांबली होती. तुमच्या घरातलं किंवा नात्यातलं कुणी त्याच तुरुंगात असेल, किंवा तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला असेल, तर लपवू नका. नंतर उघड झालं तर परवानगी जाते आणि संस्थेचंही नाव खराब होतं.

परवानगी मिळाली की तिची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. वर्ग बंद पडण्याचं एक सामान्य कारण हेच, संपलेली मुदत.

## ५. फाटक

आदल्या दिवशी फोन करून यादीत नाव आहे का विचारा. दर वेळी विचारा.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, रोख पैसे, औषधं, काडेपेटी, धारदार किंवा काचेची वस्तू, यातलं काही नेऊ नका. पिशवीच्या कप्प्यात विसरलेली डोकेदुखीची गोळीसुद्धा प्रकरण होऊ शकते. म्हणून या कामासाठी वेगळी पिशवी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. रोजचं औषध जवळ ठेवणं गरजेचं असेल तर त्याची लेखी परवानगी आधी घ्या. वह्या शिवलेल्या न्या, तारेच्या स्प्रिंगच्या नकोत. कागदाला स्टेपलरची पिन नको. कपडे साधे, आणि तिथल्या गणवेशांच्या रंगाचे नकोत.

झडतीच्या वेळी चिडू नका. पहाऱ्यावरच्या माणसांशी नावाने, आदराने बोला. तीही दिवसातले बरेच तास त्याच भिंतींत काढतात. वर्गाला माणसं सोडायची की नाही हे बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं.

## ६. पहिली भेट

गुन्हा विचारू नका. पहिल्या भेटीत नाही आणि नंतरही नाही. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. इंटरनेटवर नाव शोधण्याचा मोह होतो, तोही टाळा. सुरक्षिततेसाठी जे कळणं आवश्यक आहे ते संस्था किंवा अधिकारी सांगतील.

वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो करा. त्याला आत बऱ्याच काळात 'तुम्ही' म्हणून कुणी हाक मारलेली नसते. 'कैदी नंबर अमुक' असं संबोधन तुमच्या तोंडी कधीही नको.

तुमच्याबद्दल काय सांगायचं ते आधी ठरवा. पहिलं नाव, काय काम करता, शिकवायला का आलात, एवढं पुरे. पत्ता, मुलांची नावं, शाळा, फोन नंबर नाही. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात लोरी पोम्पा यांनी १९९७ मध्ये 'इनसाइड-आउट' सुरू केलं. त्यात बाहेरचे विद्यार्थी आणि आतले कैदी एकाच वर्गात बसून शिकतात. दोन्ही बाजू फक्त पहिलं नाव वापरतात आणि अभ्यासक्रम संपला की संपर्कही संपतो. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, त्या आखलेल्या रेषेमुळेच दोन्ही बाजूंना मोकळं बोलता येतं.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: "तुम्ही सांगाल ते मी इतरांना सांगणार नाही. पण कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करणार असेल, दुसऱ्याला इजा करणार असेल, पळून जायचं ठरवत असेल किंवा एखाद्या मुलाला धोका असेल, तर मला अधिकाऱ्यांना सांगावंच लागेल." हे आधी सांगितलं तर तो नियम असतो. नंतर केलं तर त्याला दगा वाटतो.

वर्गाचे नियम त्यांच्याकडूनच बनवून घ्या. एलिझाबेथ फ्राय यांनी १८१७ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात स्त्रियांसमोर नियम ठेवले, ते एकेक करून त्यांच्याकडून मंजूर करून घेतले आणि मगच काम सुरू केलं. मी तेच करते. माझ्या पहिल्या वर्गाने ठरवलेला पहिला नियम होता, 'वाचताना चुकणाऱ्याला कुणी हसायचं नाही.' मला तो सुचला नसता.

## ७. शिकवणं

निरक्षर माणूस 'मला वाचता येत नाही' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "चष्मा बराकीत राहिला", "आज डोकं दुखतंय", "तुम्हीच वाचा ताई, तुमचा आवाज चांगला आहे." त्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावलं तर पुढच्या आठवड्यात तो येत नाही. प्रत्येकाशी वेगळं, पाच मिनिटं बसून अंदाज घ्या. आणि चष्म्याचं ऐकून सोडू नका. काहींना खरोखरच दिसत नसतं. तीन महिने ज्याला मी मंद समजत होते, तो चष्मा मिळाल्यावर पाच आठवड्यांत जोडाक्षरांपर्यंत आला. तेव्हापासून डोळे तपासून घेण्याची विनंती मी पहिल्या आठवड्यातच देते.

बालवाडीचं पुस्तक नेऊ नका. पंचेचाळीस वर्षांच्या बापमाणसाला रंगीत चित्रांचं पुस्तक दिलं की तो ते इतरांपासून लपवत फिरतो. त्याला विचारा, "काय वाचता यायला हवंय?" मला मिळालेली उत्तरं: मुलीचं पत्र. माझ्या केसचे कागद. औषधाच्या पुडीवरचं. पोथी. एका आजोबांनी सांगितलं, "मला अंगठा सोडायचाय." त्यांना सही करायची होती, बाकी काही नको. सही यायला तीन आठवडे लागले, आणि मग त्यांना बाकीचंही हवं झालं.

शब्द त्यांच्या जगण्यातले घ्या. आधी काना-मात्रा नसलेले, जसे घर, बस, मन, वजन. मग काना आला की नाव, गाव, तारखा, कागद. वेलांटी-उकार सावकाश, ऱ्हस्व-दीर्घाची चूक पहिले सहा महिने दुरुस्तसुद्धा करू नका. लाल पेन घरी ठेवा. गणिताच्या बाबतीत उलटा अनुभव येतो. व्यापार, मजुरी केलेली माणसं तोंडी हिशेब आपल्यापेक्षा भराभर करतात, त्यांना फक्त तो कागदावर उतरवायचा असतो. तिथून सुरुवात केली तर पहिल्याच तासाला त्यांची मान वर होते.

प्रत्येक धडा त्याच दिवशी पुरा झाला पाहिजे. पुढच्या आठवड्यात समोर तीच माणसं असतील याची खात्री नसते. कुणाची तारीख असते, कुणाची बदली दुसऱ्या तुरुंगात होते, कुणाला अचानक जामीन मिळतो, कधी सगळ्यांनाच बराकीबाहेर पडायला बंदी होते. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांच्या वर्गात हे दर आठवड्याला घडतं. त्यामुळे 'उरलेलं पुढच्या वेळी' असं नको. पंचवीस मिनिटं नवं, पंधरा मिनिटं सराव, शेवटी प्रत्येकाच्या हातात आज पूर्ण झालेलं काहीतरी: चार ओळींचं पत्र, भरलेला अर्ज, सोडवलेलं गणित.

प्रत्येकासाठी एका पानाची नोंद ठेवा: कुठून सुरुवात, आज कुठे, पुढे काय. बदली झाली तर ते पान, परवानगी घेऊन, त्याच्याबरोबर द्या. नाहीतर नव्या जागी त्याला पुन्हा 'अ'पासून बसवतात आणि तो शिकणंच सोडतो. परीक्षेला बसवलं असेल तर प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव येणार नाही ना, हे फॉर्म भरतानाच बघा. नोकरी मागायला जाताना तो कागद त्याच्या बाजूने बोलला पाहिजे.

पुढे गेलेल्याला मदतनीस करा, पण निवड विचारपूर्वक. बराकीत उतरंड असते. तिथल्या 'दादा'ला शिक्षक केलं तर तो शिकवण्याच्या बदल्यात कामं करून घेऊ लागतो. हे मला फार उशिरा कळलं. एक तरुण मुलगा वर्गाला यायचा बंद झाला आणि कारण दोन महिन्यांनी समजलं. आता मदतनीस दर तीन महिन्यांनी बदलते आणि शिकणाऱ्यांशी त्याच्यामागे बोलून घेते.

नियमितपणाची ताकद काय असते त्याचं एक जुनं उदाहरण मी नेहमी आठवते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा स्वतः कैदी असताना सहकैद्यांसाठी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, सलग अठरा रविवार. साने गुरुजी ते लिहून घेत होते. तो काळ वेगळा, ते कैदीही वेगळे. पण आत राहणाऱ्याला 'पुढचा रविवार' असणं म्हणजे काय, हे त्या तारखांकडे बघून कळतं.

## ८. नवखे इथे अडकतात

पहिली छोटी मागणी. कुणी एकदम मोठं काही मागत नाही. आधी एक पेन, मग पाकीट, मग "फक्त आईला एक फोन करा, ती आजारी आहे." पहिल्याच मागणीला नम्रपणे नाही म्हणा आणि योग्य वाट दाखवा. माझ्या एका विद्यार्थ्याने खरंच आईसाठी असा फोन मागितला होता. मी नाही म्हटलं आणि निरोप कल्याण अधिकाऱ्यांकडे लेखी दिला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तो दोन वर्ग माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. तरीही आज मी तेच करेन. बाहेर निरोप नेणारी व्यक्ती म्हणून एकदा नाव झालं की त्याच फोनसाठी तुमच्यावर, आणि त्याच्यावरही, दबाव येतो.

कायद्याचा सल्ला. तुम्हाला कायदा कळत असला तरी देऊ नका. "याने जामीन मिळेल" असं तुमचं सहज वाक्य तो महिनोन्महिने मनात धरून बसतो. विधी सेवेचा अर्ज कसा करायचा ते सांगा, तो लिहायला शिकवा. खटल्याचा तपशील ऐकून घेऊ नका, उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावलं जाऊ शकतं.

खोटा धीर. "सगळं ठीक होईल" म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नसतं आणि त्यालाही ते कळतं.

पक्ष घेणं. कर्मचाऱ्यांविरुद्धची तक्रार ऐकली तर वर्गात त्यावर मत देऊ नका. मारहाण, छळ असं काही दिसलं किंवा कळलं तर मात्र गप्प बसू नका. त्याच दिवशी तारीख-वेळ घालून संस्थेला लेखी कळवा. गप्प बसण्याची किंमत आतला माणूस मोजतो.

गुन्ह्याबद्दलचं बोलणं. कधीतरी तो सांगेल. तेव्हा न्यायाधीश होऊ नका आणि "तुमची काय चूक, परिस्थितीच तशी होती" असंही म्हणू नका. त्या गोष्टीत एक दुखावलेला माणूस असतो, जो या खोलीत नाही. ऐका, आणि तो माणूस बोलण्यातून पुसला जाऊ देऊ नका.

ओढ. आठवड्यातून एकदा कुणी लक्ष देऊन ऐकतं, तेव्हा मन गुंततं. दोन्ही बाजूंचं. तसं जाणवलं तर देखरेख करणाऱ्याला लगेच सांगा, एकास एक भेटी थांबवा आणि दुसऱ्या सोबत्याकडे काम द्या.

फोटो आणि गोष्टी. समाजमाध्यमांवर त्यांचे फोटो, पत्रं, कविता टाकू नका, परवानगी मिळाली तरी. आतून दिलेली संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न आहेच, आणि माणूस सुटल्यावर त्याची मुलं ते वाचणार असतात.

## ९. सुटकेची तयारी आधीपासून

मंडेला नियमांतला १०७ वा नियम म्हणतो, की सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार शिक्षेच्या सुरुवातीपासूनच व्हावा. प्रत्यक्षात सहा महिने आधी सुरू झालं तरी पुष्कळ. सोबती म्हणून तुमचं खरं काम इथे आहे. त्याच्याबरोबर बसून ही वही भरा:

- ओळखपत्र कुठे आहे? हरवलं असेल तर आतूनच नव्यासाठी अर्ज करता येतो का?
- पहिल्या रात्री कुठे झोपणार? नेमका पत्ता. 'मित्राकडे' हे उत्तर धरू नका.
- फाटकापासून तिथपर्यंत कसं जाणार, पैसे किती लागतील?
- चालू औषधं किती दिवसांची मिळणार, पुढची कुठून?
- हजेरी द्यायची असेल तर कुठे, कोणत्या तारखेला?
- बँक खातं चालू आहे का?
- कुणाला भेटायचं नाही? न्यायालयाने मनाई केलेली माणसं आणि जुनी संगत, दोन्ही.

बरीच वर्षं आत काढलेल्याला बाहेरचा मोबाइल, तिकिटाचं यंत्र, रस्ता ओलांडणंसुद्धा अवघड जातं. कागदावर फोनचा पडदा काढून पासवर्ड, ओटीपी, पैसे पाठवणं समजावा. फसवणुकीचे फोन कसे येतात तेही.

नोकरीच्या मुलाखतीत "मधली वर्षं काय केलंत?" हे विचारतात. खोटं पढवू नका. दोन-तीन वाक्यांचं खरं उत्तर तयार करून घ्या: शिक्षा झाली होती, ती भोगली, आत हे काम आणि हे शिक्षण पूर्ण केलं. ते वीस वेळा म्हणायला लावा. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, दहाव्या वेळी मान खाली जात नाही.

सुटकेनंतर भेटायचं की नाही हे संस्थेच्या नियमावर आहे. परवानगी असेल तर सार्वजनिक जागी, दिवसा, आणि शक्यतो एकट्याने नाही. कॅनडात, ओंटारिओमधल्या हॅमिल्टन इथे १९९४ मध्ये एका पाद्रींनी अशा माणसाभोवती स्वयंसेवकांचं वर्तुळ उभं केलं, ज्याला समाज स्वीकारायला तयार नव्हता. एका माणसाला चार ते सहा स्वयंसेवक. ते आधारही देतात आणि जाबही विचारतात. एकट्या सोबत्यावर सगळा भार पडू नये यासाठी ही कल्पना कुठल्याही संस्थेला वापरता येईल.

काहीजण परत आत येतील. माझे तिघे आले. पहिल्या वेळी मी फार खचले आणि वर्ग सोडायचं ठरवलं. देखरेख करणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "तो परत वर्गाला बसायला मागतोय. त्याला काय सांगू?" मी गेले. तो सोडलेल्या पानावरून पुढे वाचू लागला.

## १०. थांबायचं असेल तेव्हा

कधीतरी तुम्हालाही थांबावं लागेल. तब्येत, नोकरी, घर, किंवा मन थकतं. महिन्यातून एकदा देखरेख करणाऱ्याशी बोलणं चालू ठेवा, म्हणजे ती वेळ अचानक येणार नाही. वर्गानंतर झोप उडणं, आपल्याच माणसांवर चिडणं, आतल्यांच्या गोष्टी डोक्यात घोळत राहणं, हे वाढलं की सुट्टी घ्या. किती आठवड्यांची ते आत सांगून घ्या.

कायमचं थांबायचं असेल तर निदान चार आठवडे आधी वर्गाला सांगा. कारण खरं सांगा. शेवटच्या दोन वर्गांना नवा स्वयंसेवक बरोबर न्या आणि एकेकाची ओळख करून द्या. नोंदींची वही त्याच्याकडे सोपवा: कोण कोणत्या पानावर आहे, कुणाला चष्मा लागतो, कुणाची तारीख कधी, कुणाला मोठ्याने वाचायला सांगायचं नाही. मग फाटकावर ओळखपत्र परत करा, यादीतून तुमचं नाव काढून त्याचं चढवलंय ना, ते स्वतः बघा, आणि पुढच्या वर्गाच्या आदल्या दिवशी एक फोन करून पुन्हा खात्री करा.